हिरव्या खडूची रेघ

कॉलर वर करा आणि टोपी घट्ट दाबून धरा. लिव्हरपूलच्या गोदीवरून येणारा जानेवारीचा वारा कानशिलं सोलून काढतोय. साल 1943. तुम्ही ब्रिटिश नौदलाच्या कॉर्व्हेट नावाच्या एका लहानशा युद्धनौकेचे कप्तान आहात. युद्धाआधी वकिलाच्या कचेरीत फायली चाळत होता; आता तुमच्या जाड लोकरी कोटाला तेल, मीठ आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास येतो, तो धुतला तरी जात नाही. पायाखालचा रस्ता डुलतोय. घाबरू नका, रस्ता जागच्या जागी आहे. कालपर्यंत तुम्ही अटलांटिकवर होता, आणि ते पायांना अजून उमगलेलं नाही.

ट्रामची घंटा, समुद्रपक्ष्यांची किरकिर, कोळशाचा धूर. बॉम्बनं अर्ध्यात कापलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी खोलीचा गुलाबी वॉलपेपर उघडा पडलाय. कोपऱ्यावर चार खलाशी विटक्या ओव्हरकोटांत कुडकुडत उभे आहेत. जवळून जाताना कान द्या. कप्तानाला ती बोली कळणार नाही, पण तुम्हाला कळेल: ही माणसं रत्नागिरीकडची आहेत. तुम्ही ज्या मालवाहू जहाजांना सोबत करता, त्यांतल्या काहींच्या डेकवर हेच दोर ओढतात आणि सलूनमध्ये गोव्याची माणसं ताटं वाढतात. टॉर्पेडो लागला की त्या गार काळ्या पाण्यात तीही पडतात. हे चेहरे लक्षात ठेवा. थोड्या वेळात तुमच्यासमोर बोटभर लाकडी जहाजं मांडली जाणार आहेत.

टाऊन हॉलच्या मागच्या चौकात नेल्सनचं स्मारक ओलांडलं की डर्बी हाऊस. अटलांटिकवरच्या काफिल्यांच्या राखणीचा ब्रिटिश कारभार याच्या तळघरातून चालतो. तुम्हाला मात्र वर जायचंय, पार शेवटच्या मजल्यावर. दार उघडताच तंबाखूचा धूर, फरशीचं पॉलिश आणि खडूची भुकटी एकदम नाकात शिरते. खोलीभर तपकिरी लिनोलियम अंथरलंय आणि त्यावर पांढऱ्या रेघांचे चौकोन आखलेत. वीतभर अंतर म्हणजे साधारण एक सागरी मैल. मधोमध रांगांत मांडलेली चिमुकली जहाजं. गडद निळ्या गणवेशातल्या मुली गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूनं रेघा ओढताहेत. या रेन्स, नौदलाच्या महिला दलातल्या. काहींनी विशीसुद्धा गाठलेली नाही.

तुमच्या शेजारी उभा असलेला दाढीवाला कप्तान घशातल्या घशात गुरगुरतो. तुमच्याही मनात तेच आहे, नाही का? दोन हिवाळे समुद्रात काढले, डोळ्यांदेखत माणसं बुडाली, आणि आता आठवडाभर फरशीवर खेळ मांडायचा?

समोर उभा आहे तो कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स. उंच, हडकुळा, आवाजात धार. क्षयानं त्याला नौदलातून घरी बसवलं होतं; युद्धानं परत बोलावलं आणि ही खोली त्याच्या ताब्यात दिली. तो फार बोलत नाही. तुम्हाला थेट कॅनव्हासच्या पडद्याआड उभं करतो.

पडद्याला एक फट आहे. त्यातून काफिल्याचा तुकडाच तेवढा दिसतो, धुक्यात आणि रात्री जहाजाच्या ब्रिजवरून दिसेल इतकाच. दर चालीला दोन मिनिटं. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, रेन तो घेऊन जाते आणि तुमचं जहाज हलवते. सोपं वाटतं? एक चिठ्ठी येते: ‘काफिल्यातल्या जहाजावर स्फोट.’ मिनिटकाटा पळू लागतो. पडद्याआड हवा कोंडलीय, कोटाच्या आत घाम फुटलाय, पलीकडे कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज. तुम्ही फटीला डोळा लावता. काहीच दिसत नाही. समुद्रावर करायचा तेच करता: वेग वाढवता, काफिल्यापासून बाहेरच्या अंगाला सुटता, अंधारात प्रकाशगोळे उडवता. शत्रू बाहेरूनच आला असणार, दुसरीकडून येईल कुठून? पुढची चिठ्ठी: दुसरा स्फोट. मग तिसरा. तुम्ही लिहिता, खोडता, पुन्हा लिहिता. वेळ संपते.

आणि मग पडदे बाजूला होतात. या खोलीत खरं जे काही शिकवलं जातं ते याच घटकेला, म्हणून इथं जरा रेंगाळूया.

या इथं, फरशीजवळ वाका. तुमच्या जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूनं काढलेत, ठळक, फटीतूनही दिसतील असे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनं काढलाय. तपकिरी लिनोलियमवर ती रेघ तिरप्या नजरेला दिसतच नाही. आता डोक्यावरून बघताना दिसते. बोटानं तिचा माग काढा. ती काफिल्याच्या मागून येते, पृष्ठभागावरून, अंधारात. जहाजांच्या दोन रांगांमध्ये शिरते. अगदी जवळून मारा करते आणि तिथंच खाली बुडी मारते. वरून सगळा काफिला धडधडत पुढे निघून जातो, ती मागे राहते. तुमची पांढरी रेघ त्या वेळी कुठं आहे? लांब बाहेर, रिकाम्या पाण्यात, प्रकाशगोळे उडवत.

दाढीवाला आता गुरगुरत नाही. त्याच्या नजरेपुढे कुठली तरी खरी रात्र उभी राहिलीय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. समुद्रानं तुम्हा दोघांना अनुभव भरपूर दिला, पण त्या रात्री नेमकं घडलं काय हे कधीच सांगितलं नाही. ब्रिजवरून आग दिसली, किंकाळ्या ऐकू आल्या, सकाळी जहाजं मोजली तर कमी भरली. बाकीचं तुम्ही मनानं जुळवलंत आणि पुढच्या खेपेला त्याच जुळवणीवर हुकूम सोडलेत. मला वाटतं, अधिकाऱ्याच्या शिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच: भोगलेलं सगळं खरं असतं, आणि तरी त्यातून काढलेला धडा चुकीचा असू शकतो.

रॉबर्ट्स आणि या मुलींनी परतलेल्या कप्तानांच्या हकिगती ऐकून, जुन्या लढाया याच फरशीवर पुन्हा पुन्हा खेळून ती हिरवी रेघ शोधली. मग तिच्यावर उताराही काढला. स्फोट झाला की कुणी मनाला येईल तिकडे धावायचं नाही. सोबतीच्या जहाजांनी काफिल्याच्या मागच्या अंगाला वळायचं आणि ठरलेल्या रेषांत अ‍ॅस्डिकच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या, ‘पिंग’नं पाणी चाळायचं. हिशेबतपासणीच्या पेशातून आलेल्या जीन लेडलॉनं या डावाला नाव सुचवलं ‘रास्पबेरी’. तोंडानं काढलेल्या वेडावणाऱ्या आवाजालाही तिकडे हेच म्हणतात, आणि हे वेडावणं होतं हिटलरला.

अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन एकदा इथंच पाणबुडीच्या बाजूनं खेळायला उभे राहिले होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वतः पाणबुडी चालवलेली, म्हणजे या खेळातले मुरलेले. समोर तरुण रेन जॅनेट ओकेल. अ‍ॅडमिरलसाहेबांची पाणबुडी पाच वेळा बुडाली. ओकेलनं अटलांटिकवरची लढाई कधीच पाहिलेली नव्हती. पण फरशीवर मात्र ती तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त लढाया लढली होती, आणि प्रत्येक लढाईनंतर पडदे बाजूला सारून बघितलं होतं.

तुमचा सोमवार असा जातो. मंगळवारी पुन्हा हार. बुधवारी गुडघे खडूनं पांढरे झालेत आणि दाढीवाला चहाचा कप हातात धरून एका विशीतल्या मुलीला विचारतोय, “मी वळायला उशीर केला का?” ती नम्रपणे म्हणते, “थोडासा, सर. आणि डावीकडे.” दोघंही फरशीवर वाकतात. संध्याकाळी पबमध्ये बिअरच्या ग्लासांचा काफिला मांडून वाद रंगतो. शनिवारपर्यंत घड्याळाकडे न बघता तुम्हाला दोन मिनिटं कळू लागतात.

या खोलीत जे नाही ते नाहीच. थंडीनं बधिर झालेली बोटं, उलटीचा वास, तीन रात्री न मिटलेले डोळे लिनोलियमवर मांडता येत नाहीत. युद्ध संपेपर्यंत जवळपास 5,000 अधिकारी इथून जातील, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला ती बाजू समुद्रावरच भोगावी लागेल.

तुम्हालाही. काही आठवड्यांनी, मध्यरात्री, गारांच्या माऱ्यात, काफिल्याच्या पोटातून केशरी ज्वाळा उठते. हात सवयीनं बाहेरच्या अंधाराकडे वळू बघतो. रेडिओवर खरखरत एकच शब्द येतो, ‘रास्पबेरी’. कुणी काही विचारत नाही. तुम्ही सुकाणूवाल्याला ओरडून दिशा सांगता, जहाज एका कुशीवर कलतं, आणि दाढीवाल्याच्या जहाजाची काळी आकृतीही त्याच क्षणी मागे वळताना दिसते.