घनाचे पाणी

१७५४ साली ज्याच्या कुम्हेर किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव होळकर कामी आला, आणि १७६१ साली पानिपतातून विपन्नावस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने अन्नवस्त्र व आश्रय दिला, त्या भरतपूरच्या सूरजमल जाटाने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पावसाळी पूर आवरण्यासाठी अजान बांध घातला, आणि त्या बांधाच्या पाण्यावर जो सखल मुलूख वर्षानुवर्षे भिजत राहिला त्याचेच आज केवलादेव घना हे पक्षितीर्थ झाले आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या गावी नसते. सुमारे २९ चौरस किलोमीटरांच्या या पाणथळीत पायी हिंडणारा ज्या पाळीवरून चालतो ती माणसाने घातलेली आहे, आणि ज्या पाण्यात चित्रबलाक उभे असतात ते मोऱ्यांतून सोडलेले आहे.

या मोऱ्या आणि पाळी रचल्या गेल्या त्या मात्र पाखरांच्या कल्याणासाठी नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानचा कारभार पाहणाऱ्या मोरवीच्या हरभामजींनी ही दलदल बदकांच्या शिकारीसाठी सिद्ध केली. पुढे गोऱ्या साहेबांची मेहेरनजर संपादण्याचे ते दरबारचे हुकमी साधन झाले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा शिळेवर कोरून ठेवण्यात कोणाला संकोच वाटला नाही, हे त्या काळच्या अभिरुचीला धरूनच झाले. तथापि न्यायबुद्धीने एवढे मान्य केले पाहिजे की, बंदुकीच्या हौसेखातर का होईना, दरबारने पाणी राखले. स्वातंत्र्यानंतर हीच जमीन कोरडी करून लागवडीस द्यावी असा आग्रह सुरू झाला, तेव्हा सलीम अली यांना नेहरूंपर्यंत दाद मागावी लागली.

१९५६ साली अभयारण्य जाहीर झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत अबाधित होता. पुढे राष्ट्रीय उद्यान करताना सरकारने १९८२ साली गुरांच्या चराईस मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या भोवतालच्या गावकऱ्यांनी प्रतिकार केला, गोळीबार झाला, माणसे मेली; आणि ज्या हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी हे रक्त सांडले त्याचे फळ असे निघाले की, म्हशींचे तोंड लागेनासे होताच पाण्यातले गवत बेसुमार माजून उघड्या पाण्याचे तळेच गुदमरू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी दीर्घ निरीक्षणान्ती हाच निष्कर्ष काढला. म्हशीही या व्यवस्थेच्या एक प्रकारे वतनदारच होत्या, हे कचेरीतल्या कोणाच्याही ध्यानी आले नव्हते.

त्यानंतरचे संकट वरच्या अंगाने आले. करौलीकडे गंभीर नदीवर पांचना धरण झाले, आणि तेथील शेतकऱ्यांनी आपले पाणी खाली सोडू देण्यास विरोध केला. त्यांची बाजू अगदीच गैरवाजवी होती असे म्हणवत नाही. २००४ च्या सुमारास तळी आटली, विलायती बाभळीने कोरडी जमीन बळकावली. सायबेरियाचे शुभ्र क्रौंच तर त्यापूर्वीच, २००२ नंतर, येईनासे झाले होते. मग या विलायती बाभळी उपटण्याचे काम भोवतालच्या गावकऱ्यांच्याच हाती देण्यात आले, गोवर्धनच्या नाल्याचे पुराचे पाणी वळवून आणले, चंबळेचेही नळाने आणले, आणि करकोच्यांची घरटी पुन्हा देशी बाभळींवर दिसू लागली. परंतु गंभीर नदीच्या पुराबरोबर जे मासळीचे बीज आपसूक वाहत येई, ते चंबळेच्या नळातून येत नाही. आणि पांचनाचे पाणी किती व केव्हा सोडावे हा तंटा अद्याप मिटलेला नाही.