मजा, मजाक आणि ‘स्कॉफ’ : थट्टेच्या व अधाशीपणाच्या शब्दांचा इतिहास

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. बोथ, उटनूर आणि खुद्द आदिलाबाद मागे राहिले. तेव्हापासून रेषेअलीकडच्या मराठी माणसाला एक टोमणा सतत ऐकावा लागतो : तुमची मराठी उर्दू-तेलुगूने बाटलेली आहे. या टोमण्याचे उत्तर शोधण्यासाठी शब्दांचे दोनच लहान गट तपासू : कोणाची टर उडविण्याचे शब्द आणि कोणाच्या अधाशी खाण्याचे शब्द. हे शब्द पाठ्यपुस्तकातून येत नाहीत. ते अंगणात आणि पंगतीत घडतात, म्हणून त्यांची साक्ष अधिक विश्वासाची.

इंग्रजीत ‘स्कॉफ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : कुचेष्टा करणे आणि बकाबका खाणे. वरून पाहता वाटेल की खादाडाला सारे हसतात, म्हणून हे अर्थ एकत्र आले असावेत. तसे नाही. थट्टेचा ‘स्कॉफ’ चौदाव्या शतकापासून आढळतो आणि त्याचे नाते उत्तर युरोपातील स्कँडिनेव्हियन भाषांशी जोडतात. खाण्याचा ‘स्कॉफ’ एकोणिसाव्या शतकातला. त्यामागे एक बोलीशब्द आणि दक्षिण आफ्रिकेतील डचांचा जेवणवाचक शब्द असल्याचे मानतात. दोन परके पाहुणे एकाच ओसरीवर येऊन बसले, इतकेच. इंग्रजीला कोणी त्यासाठी बाटगी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

जर्मन भाषेत माणसाचे खाणे ते ‘एसेन’ आणि जनावराचे ते ‘फ्रेसेन’. माणसाला दुसरा शब्द लावला की अपमान झाला. आपणही रागाने ‘चरतोय बघा’ म्हणतो, ‘गिळ आता’ म्हणतो, ते याच रीतीने. ‘एसेन’, इंग्रजी ‘ईट’ आणि ‘अन्न’ शब्दातील संस्कृत ‘अद्’ धातू ही एकाच कुळातील भावंडे. ‘फ्रेसेन’चा इंग्रजी भाऊ ‘फ्रेट’ पूर्वी अधाशासारखे खाणे या अर्थाचा होता. आज तो मनाला कुरतडणाऱ्या काळजीचा शब्द झाला आहे. आपले ‘गिळणे’ ज्या मूळ धातूपासून आले, त्यापासूनच लॅटिनमार्गे इंग्रजी ‘डिव्हावर’ झाला. (जर्मन भाषा आदिलाबादला अगदीच अनोळखी नाही. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात मारलवाईत गोंडांमध्ये राहिले. त्यांच्या शिक्षणयोजनेतील गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली, हे शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

आता घरचे शब्द. ‘चेष्टा’ हा अस्सल संस्कृत. परंतु तेथे त्याचा अर्थ हालचाल किंवा प्रयत्न. हिंदीने तो अर्थ राखला, मराठीने त्याची थट्टा केली. म्हणजे शुद्ध शब्दही आपल्या घरी येऊन बदलतोच. ‘मस्करी’ अरबीतील ‘मस्खरा’, म्हणजे विदूषक, या शब्दावरून आली. ‘लाडवांचा फन्ना उडवला’ यातला ‘फन्ना’ही अरबी, ‘फना’ म्हणजे नाश. सूफींनी ज्या शब्दाने ईश्वरात विलीन होणे सांगितले, तो आम्ही लाडवांना लावला. भाषा जिवंत असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

या सर्वांत श्रीमंत जोडी ‘मजा’ आणि ‘मजाक’ यांची. फारसीत ‘मजा’ म्हणजे चव. ‘मजाक’ हा अरबीतील चाखणे या धातूपासून झालेला. आरंभी त्याचा अर्थ चव, रुची असाच होता, थट्टा हा अर्थ मागाहून आला. दोन्ही शब्दांचे मूळ निराळे, पण दोन्ही जिभेवरून निघून हसण्यापर्यंत पोहोचले. इंग्रजीत जे योगायोगाने जुळले, ते येथे अर्थाच्या ओढीने जुळले आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांचा या शब्दांशी परिचय कोशातून नव्हे, बाजारातून आणि कचेरीतून वाढला. पुणेकरही दिवसभर मजा करतातच. मग ‘मजाक’ म्हटल्यावर आम्हीच तेवढे बाटगे कसे?

तेलुगूचेही तसेच. खादाडाला शेजारी ‘तिंडिपोतु’ म्हणतात. ‘तिंडि’ म्हणजे खाणे आणि ‘पोतु’ म्हणजे नर जनावर. व्हिएन्नाच्या माणसाला जे ‘फ्रेसेन’मधून कळते, ते आमच्या पोराला शेजारच्या ओट्यावर कळते. ‘खाऊन राहिला’ या आमच्या क्रियापदाला जे हसतात, त्यांनी हेही ऐकावे.

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. तो मुंबई सरकारच्या आश्रयाने झाला आणि आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. म्हणून वाचकहो, रेषेच्या कोणत्याही बाजूला असा, घरातील वडीलधारी माणसे खादाडाला काय म्हणत आणि चिडवताना कोणते शब्द वापरीत, ते गावाच्या नावासह लिहून ठेवा. शिव्याही गाळू नका.