खोका उतरला, हक्क उतरला का?

किहीममध्ये आज जमिनीची बोलणी गुंठ्यात होतात. पण याच अलिबाग तालुक्यात, चरीला, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेबांचा पाठिंबा होता. पुढे कुळकायदा आला आणि सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव लागलं. तो एक रकाना एवढा महाग पडलाय. म्हणून कागदावरचा रकाना स्क्रीनवर येताना काय काय होऊ शकतं, हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही.

थोडा इतिहास. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणलं. त्याआधी स्क्रीनवर एक साधं बटण दाखवायला पानभर कोड लिहावा लागे. आता बटण, टेक्स्टबॉक्स, फ्रेम माऊसने उचलायचं आणि फॉर्मवर ठेवायचं. १९९८ ला सहावी आवृत्ती आली आणि आपल्याकडच्या क्लासेसमधून 'व्हीबी' शिकलेली पोरं पतसंस्था, दवाखाने, वकिलांची ऑफिसं यांचे प्रोग्रॅम बनवू लागली. मराठी फॉर्म म्हणजे रकानेच रकाने. एक खोका बनवा, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, चाळीस खोके तयार!

गोची इथेच होती. पेस्ट केलं की व्हीबी विचारायचं: या नावाचा कंट्रोल आधीच आहे, कंट्रोल ॲरे करायचा का? घाईत 'हो' म्हटलं की सगळ्या खोक्यांचं नाव एकच, फरक फक्त इंडेक्स नंबरचा. मग आधी लिहिलेला कोड चालेना, कारण त्यात इंडेक्सच नाही. 'नाही' म्हटलं तर खोका वेगळ्या नावाने यायचा, दिसायला हुबेहूब, पण त्याच्यामागे कोडच नाही. बटण दाबा, काही होत नाही. कॉपी होतं ते रूप, वागणूक नाही. (२००२ च्या डॉटनेटमध्ये कंट्रोल ॲरे गेला, पण पेस्ट केलेल्या बटणाला कोड पुन्हा जोडावा लागणं सुटलं नाही.)

तिसरी चूक सगळ्यात छुपी. समजा एका फॉर्मवर दोन प्रश्न आहेत. पहिला: मालक की कुळ? दुसरा: जिरायत की बागायत? प्रत्येकाला दोन दोन गोल बटणं. ती पेस्ट करताना आधी फ्रेम निवडायची, मग पेस्ट करायचं. तसं न करता फॉर्मवर पेस्ट करून फ्रेमवर नुसती ओढून ठेवली तर ती फ्रेमच्या आत दिसतात, पण असतात फॉर्मचीच. चारही बटणांचा एकच गट होतो. 'बागायत' वर क्लिक केलं की 'कुळ' वरचा ठिपका गुपचूप निघून जातो. एरर नाही, घंटी नाही. उपाय सोपा: बटणं कट करा, फ्रेमवर क्लिक करा, पेस्ट करा. पण आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना!

आणि मराठी अक्षरं? व्हीबी ६ चे नेहमीचे कंट्रोल युनिकोड दाखवत नाहीत, ते विंडोजच्या जुन्या कोडपेजवर चालतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नव्हतं. म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, श्रीलिपी असे फॉन्ट वापरले गेले. त्यात आत इंग्रजी अक्षरांचे नंबर, वर मराठी चेहरा. खोका फॉन्ट नसलेल्या मशीनवर गेला की 'पाटील' चा कचरा. तरी हा कचरा बरा, कन्व्हर्टरने परत मराठी होतो. पण युनिकोड मराठी त्या खोक्यात पेस्ट केलं की येतात नुसती प्रश्नचिन्हं. आणि तीच सेव्ह झाली की मूळ नाव कुठेच उरत नाही.

व्हीबी ६ चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढून घेतला, तरी जुने प्रोग्रॅम पुढेही चालतच राहिले.

प्रोग्रॅम कुठलाही असो, उतरवताना काहीतरी गळतं, हे सरकारलाही कळलं होतं. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळावा म्हणून राज्यात चावडी वाचन झालं, दुरुस्तीसाठी एडिट मॉड्यूल आलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चांगलंच झालं. पण सही सांगते की हा उतारा सरकारी नोंदीप्रमाणे आहे. ती नोंद जुन्या कागदाप्रमाणे आहे का, हे सही सांगू शकत नाही. ते घरातल्या ट्रंकेतला उताराच सांगेल.

तेव्हा किहीम, चोंढी, आवास, सासवणे, जिथे कुठे तुमची वाडी असेल तिथला जुना हस्तलिखित उतारा काढा आणि नव्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. नावं, क्षेत्र आणि विशेषतः 'इतर अधिकार'. लेखनातली चूक सापडली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. गिऱ्हाईक दारात यायच्या आधी करा. आजोबांनी सहा वर्षं उपास काढून मिळवलेली ओळ एका पेस्टमध्ये जाऊ देऊ नका.