राज्यामागे उरलेला संघ

संस्थानांबरोबर त्यांच्या आश्रयाचे वैभवही लोपले, असे आपण सहज म्हणून जातो. इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाची हकीकत निराळी आहे. होळकरांनी सी. के. नायडूंना आपल्या सैन्यात हुद्दा दिला व त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ नावारूपास आला. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध विजयास ८६७ धावा हव्या होत्या. महूच्या छावणीतील डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या, डाव ४९२ वर संपला. हा पराभव मला पुष्कळ विजयांहून थोर वाटतो. १९४८ साली राज्य गेले, नाव मात्र राहिले. चार करंडकांपैकी दोन तर त्यानंतरचेच! १९५५ मध्ये इंदुरातच मद्रासकडून अंतिम सामना ४६ धावांनी गमावला. पुढील हंगामात मैदानात उतरला तो मध्यभारत संघ.