चाक, कमान आणि उमरग्याचा रस्ता

जुनी व्हॅन घ्यावी, तिची कमान उतरवून ती जमिनीलगत आणावी आणि वर तिला मोठीं चाकें बसवावीं, ही हौस आतां केवळ मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. वडीलधाऱ्यांस हें नवें खूळ वाटतें. परंतु चाक केवढें असावें व गाडीचा तळ किती उंच असावा, हा प्रश्न उमरग्यावरून सोलापूर-हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारीच्या फार पूर्वींचा आहे.

या भागांतील माल एके काळीं बहुतेक लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. शेजारच्या सोलापूर मुलखांत जे थोडे गाडे होते ते खत व दगड ओढण्याच्या कामाचे; त्यांचीं चाकें म्हणजे दगडाच्या किंवा भरीव लाकडाच्या जाड चकत्या. १८३० नंतरच्या दशकांत मोजणीखात्यांतील लेफ्टनंट गेसफर्ड यांनीं टेंभुर्णीस सुधारलेल्या हलक्या गाड्या करविल्या आणि शेतकऱ्यास गाडी परवडूं लागली. उमरगा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. १८५३ सालीं नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यांत गेला व १८६० सालीं परत निजामाकडे आला. मधल्या काळांत तेथें असलेल्या मेडोज टेलर यांनीं रस्त्यांच्या कामीं किती खटपट केली, हें त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसतें. चांगलें चाक व चांगला रस्ता हीं दोन्ही मागेंपुढें एकाच पिढींत आलीं, हा योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें.

बैलगाडीचें चाक मोठें कां, याचें उत्तर काळ्या मातींत आहे. मोठें चाक चिखलांत कमी रुततें आणि धोंड्यावरून सहज चढतें. पण दोन चाकांमधून आडवी आस जाते व गाडीचा तळ त्या आसेच्या वरच ठेवावा लागतो. चाक मोठें केलें कीं तळ उंच झालाच. पोतें खांद्याइतकें उचलावें तेव्हां तें गाडींत पडे. कमानीची सोय या गाडीस नव्हती. विलायतेंत ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं पोलादी पाट्यांच्या कमानीचें पेटंट घेतलें खरें, पण ती कमान श्रीमंतांच्या घोडागाडीखालीं राहिली. आमच्या दमणींत बसणाऱ्यांची कमान म्हणजे खालीं घातलेला कडबा!

डनलॉपनें १८८८ सालीं हवेचें टायर काढलें आणि पुढें तें बैलगाडीसहि लागलें. उंच आऱ्यांचें चाक जाऊन लहान रबरी चाक आलें व तळ खालीं उतरला. ऊसतोडीच्या टायरगाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हा फरक सांगावयास नको. मोटारींतहि हेंच कोडें निराळ्या रीतीनें सुटलें. १९५८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनें १९६९ च्या सुमारास जर्मन बनावटीवरून जी मॅटॅडोर काढली, तिचें इंजिन पुढलीं चाकें ओढी. मागल्या चाकांस फिरविणारा लांब दांडा तळाखालून न्यावा लागत नसल्यामुळें तळ ठेंगणा ठेवतां आला. लग्नाचें वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, शाळेचीं मुलें, सर्व तींत चढलीं, आणि ‘मॅटॅडोर’ हा शब्द मराठी झाला.

या तिन्ही ठिकाणीं चाक, आस व तळ यांचा विचार एकत्र झाला होता. आजची हौस मात्र चाक मोठें व तळ खालीं, अशा दोन्ही गोष्टी एकदम मागते. साधा हिशेब करून पाहावा. कमान दोन इंच उतरविली आणि चाकाचा व्यास २७ इंचांचा २९ केला. चाकाची त्रिज्या एक इंच वाढल्यामुळें गाडी प्रत्यक्षांत एकच इंच खालीं येते. उलट चाक व त्यावरील पत्रा यांच्यामधील मोकळी जागा तीन इंचांनीं कमी होते. रिकामी गाडी अंगणांत देखणी दिसते. तींत आठ माणसें बसलीं, खड्डा आला, कीं टायर पत्र्यास घांसूं लागतें. आणि वळणावर हें घडलें तर टायर फाटण्याचा संभव. शिवाय घेर वाढल्यानें, कांटा अचूक होता असें धरलें तरी, तो ताशीं ६० दाखवितो तेव्हां गाडी ६४ च्या वर धांवत असते. चढावर ओढ कमी पडते, आणि जुन्या ब्रेकास तेंच काम अधिक जोरानें करावें लागतें. कमानीचे पाटे काढून गाडी उतरविली असेल तर भार सोसण्याची शक्तिहि त्यांबरोबर जाते.

कायदाहि येथें गप्प नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें निर्णय दिला, तो असा कीं, उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आम्हांस हा निर्णय कांहींसा कठोर वाटतो. ज्या देशांत सुतार-लोहारांनीं पिढ्यान् पिढ्या गाडी हातानें घडविली, तेथें कारखान्याचा कागद हाच शेवटचा शब्द व्हावा, हें मनास रुचत नाहीं. परंतु गांवच्या सुताराचें चाक मोडलें तर गाडी बैलांच्या चालीनें बसे, आणि या रस्त्यावर आज मालट्रका ज्या वेगानें येतात तो बैलांचा नव्हे. व्हॅन हौशी मुलाची असली तरी तुळजापूरच्या यात्रेस तींत सारें घर बसतें. आजी मधल्या बाकावर, मुलें मागें, आणि सर्वांचा भार त्या तीन इंचांवर.