डोके वळले की चित्र वळते

दिवेलागणीला खिडकीच्या काचेतून पाहा. बाहेरच्या अंगणात आपल्याच खोलीतला दिवा तरंगताना दिसतो. आपण सरकलो तरी काचेमागची त्याची जागा बदलत नाही. कारण खरा दिवा जागचा हललेला नसतो.

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे एक यंत्र सादर केले. प्रत्येक डोळ्यापुढे एक अर्धपारदर्शक आरसा आणि एक छोटी चित्रनलिका. खरी खोली दिसे आणि तिच्यात संगणकाने नुसत्या रेषांनी काढलेली आकृतीही. पण येथे ‘दिवा’च डोक्यावर होता! मान वळताच आकृतीही खोलीभर फिरली असती. ती एका जागी स्थिर भासावी म्हणून डोक्याची जागा आणि दिशा सतत मोजून चित्र नव्याने काढावे लागे. या मोजणीसाठी छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आणला होता.

१९९२ मध्ये बोइंगच्या टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी विमानातील तारांच्या जोडणीसाठी अशीच कल्पना मांडली. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हे नाव त्यांचेच. आज दांड्याचे काम मोबाइलमधील कॅमेरा आणि संवेदक करतात. प्रश्न मात्र तोच आहे : पाहणारा कोठून पाहतो आहे?