बंब, रॉकेट आणि आयेशा

गेल्या काही शनिवारांत एक छोटं वाफेचं इंजिन जुळवलं. एक सिलिंडर, एक चाक, उंची वीतभर. सायकलच्या पंपाने हवा मारली की मस्त फिरतं. आता खरी वाफ हवी, म्हणजे बॉयलर हवा. "त्यात काय, आजीचा बंब आहे की माळ्यावर!" इति आई.

आई चेष्टेत म्हणाली, पण मुद्दा बरोबर होता. बंबात मधोमध एक नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. सुरुवातीच्या बऱ्याच रेल्वे इंजिनांचे बॉयलर याच जातीचे होते, फक्त आडवे आणि बंद. गोची अशी की पाणी भरपूर आणि त्याला उष्णता देणारा पृष्ठभाग अगदीच कमी.

ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेने रेनहिलला इंजिनांची स्पर्धा ठेवली. बक्षीस ५०० पौंड. टिमोथी हॅकवर्थच्या 'सां परेल'मध्ये यू आकारात वळलेली एकच जाड नळी होती. स्टीफन्सन बापलेकांच्या 'रॉकेट'मध्ये, रेल्वेचा सेक्रेटरी हेन्री बूथ याच्या सूचनेवरून, तांब्याच्या २५ नळ्या बसवल्या होत्या. प्रत्येक ३ इंच व्यासाची आणि साधारण ६ फूट लांब. गुणाकार करून पाहिला, फक्त नळ्यांचाच पृष्ठभाग सुमारे ११८ चौरस फूट भरतो! रॉकेट जिंकलं, आणि पुढची शंभरेक वर्षं जगभरची इंजिनं मुख्यतः याच पद्धतीवर चालली.

मग मीही तेच छोटं करून बनवावं का? इथेच मजा आहे. सगळी मापं निम्मी केली की पृष्ठभाग पावपट होतो आणि आकारमान एक अष्टमांश. म्हणजे छोटा बॉयलर त्याच्या मानाने फार लवकर थंड पडतो. शिवाय अडीच इंच रुळांच्या मॉडेलसाठी मापं साधारण २२ पटींनी कमी होतात. खऱ्या इंजिनातली दोन इंची नळी तिथे जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची होणार. ती काजळीने पहिल्याच दिवशी बुजेल.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या अनेक मॉडेलवाल्यांनी स्मिथीज पद्धत धरली होती: बाहेर एक कवच, आत पाण्याचं पिंप, पिंपाच्या खाली पाण्याच्या नळ्या आणि त्यांच्याखाली स्पिरिटचा दिवा. कोळसा एवढ्याशा भट्टीत नीट जळणारच नाही, असं भलेभले म्हणत. १९२२ मध्ये 'मॉडेल इंजिनियर' मासिकात 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थाने याला आव्हान दिलं आणि जे पेटलं त्याला 'बॉयलरांची लढाई' असंच नाव पडलं. आपल्याकडची विंडोज विरुद्ध लिनक्स भांडणं आठवा, फक्त टपालाने :-)

१९२४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात याचा निकाल रुळांवर लागला. एलबीएससीचं 'आयेशा' हे कोळशावरचं इंजिन जड माणसाला आरामात ओढू लागलं. युक्ती काय? नळ्या मापात लहान करत बसायचं नाही. संख्येने कमी पण धूर सहज जाईल इतक्या रुंद ठेवायच्या. नकाशा छोटा होतो, आग आणि धूर होत नाहीत.

एवढं वाचून मी निवडलं काय? साधं आडवं पिंप, खाली दोन-तीन पाण्याच्या नळ्या आणि स्पिरिटचा दिवा. म्हणजे हरलेली पार्टी! कारण माझ्या इंजिनाला माणूस ओढायचा नाहीये, त्याची वाफेची भूकच चिमूटभर. गरज आधी, आवड नंतर.

पण एका बाबतीत तडजोड नाही. कथलाचा डाग १८३ अंशांपासून वितळू लागतो. पाणी संपलं आणि दिवा चालू राहिला तर सांधेच सुटतील. म्हणून सगळे सांधे चांदीच्या डागाचे, ६०० अंशांच्या वर वितळणारे. वर सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि वाफ करायच्या आधी थंड पाणी भरून दुप्पट दाबाची चाचणी. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी नुसती चिळकांडी उडते, स्फोट होत नाही.

आपल्याकडचा बॉयलर कायदा २५ लिटरच्या आतल्या बॉयलरला लागू नाही. माझा तर पाव लिटरचा. म्हणजे तपासायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, तो मीच. आणि इंजिन चालू झालं की सर्वात आधी टेबलाला नाक टेकवून बघणार तो माझा पाच वर्षांचा भाचा.

चाचणी पुढच्या शनिवारी. भाच्याला बोलावणं त्याच्या पुढच्या.